कचऱ्याच्या गाड्यांमागे फिरणारी ही बाई पहिलं महायुद्ध थांबवायला निघाली होती

कुठल्याही युद्धाच्या शांतता चर्चेचा फोटो गुगल करून बघा. लांबलचक टेबल, मागे झेंडे, समोर पाण्याच्या बाटल्या आणि दोन्ही बाजूंना सूट घातलेले पुरुष. त्यात बाई शोधावी लागते. युद्धात घरं मोडतात, पोरं मरतात, धान्य संपतं, तेव्हा घर चालवायची जबाबदारी मात्र कुणी तिच्याकडून काढून घेत नाही. पण हे सगळं थांबवायचं कसं, हे ठरवायची वेळ आली की तिला खुर्चीच नसते.

तर गोष्ट आहे १९१५ सालची. पहिलं महायुद्ध सुरू होऊन नऊ महिने झाले होते. अशा वेळी काही बायका लंडन, बर्लिन, व्हिएन्ना, रोम, पॅरिस असं फिरत एकमेकांच्या जिवावर उठलेल्या देशांच्या पंतप्रधानांना आणि परराष्ट्रमंत्र्यांना भेटून आल्या. यातल्या बहुतेकींना स्वतःच्या देशात पूर्ण मतदानाचा हक्कसुद्धा नव्हता. त्यांचं नेतृत्व करत होत्या ५४ वर्षांच्या जेन अ‍ॅडम्स.

अमेरिकेत तेव्हा हे नाव माहीत नसलेला माणूस सापडणं अवघड होतं. पण त्या प्रवासानंतर हेच नाव शिवीसारखं घेतलं जाऊ लागलं. असं नेमकं काय झालं?

आमदाराची मुलगी, पाठीला बाक

६ सप्टेंबर १८६० रोजी इलिनॉय राज्यातल्या सीडरव्हिल या छोट्या गावात जेनचा जन्म झाला. वडील जॉन अ‍ॅडम्स गिरणीमालक होते आणि राज्याच्या सिनेटवर निवडून गेलेले. अब्राहम लिंकन यांच्याशी त्यांची ओळख होती. जेन दोन वर्षांची असताना आई गेली. चौथ्या वर्षी मणक्याचा टीबी झाला आणि पाठीला कायमचा बाक आला.

१८८१ मध्ये कॉलेज संपलं आणि त्याच वर्षी वडीलही गेले. डॉक्टर व्हायचं म्हणून फिलाडेल्फियाच्या मेडिकल कॉलेजात नाव घातलं, पण पाठीने साथ दिली नाही आणि शिक्षण सुटलं. पुढची काही वर्षं त्यांची नुसती घुसमट होती. शिकलेली, पैसेवाली, लग्न न केलेली मुलगी, हिने करायचं काय, याचं उत्तर त्या काळाकडे नव्हतं. युरोपच्या सहली झाल्या. दुसऱ्या सहलीत, १८८८ साली, लंडनमध्ये टॉयन्बी हॉल नावाची संस्था बघायला मिळाली. तिथे विद्यापीठात शिकलेले तरुण गरिबांच्या वस्तीत राहायलाच आले होते. लांबून दानधर्म नाही, शेजारी म्हणून राहायचं. जेनना आपलं काम सापडलं.

१८ सप्टेंबर १८८९ रोजी त्यांनी मैत्रीण एलन गेट्स स्टार यांच्यासोबत शिकागोच्या हॅल्स्टेड स्ट्रीटवर एका जुन्या बंगल्यात बिऱ्हाड थाटलं. त्याचं नाव हल हाऊस.

एकाच गल्लीत सगळा युरोप

हल हाऊसच्या आजूबाजूला कोण राहायचं? इटालियन, ग्रीक, आयरिश, जर्मन, बोहेमियन, रशिया आणि पोलंडमधून आलेले ज्यू. युरोपात ज्यांचे देश पिढ्यानपिढ्या एकमेकांशी लढले, ती माणसं इथे एकाच नळावर पाणी भरत होती. भाषा वेगळी, चर्च वेगळं, खाणं वेगळं. भांडणं व्हायचीच. पण पोरांना सांभाळायला कुणीतरी हवं, मालकाने पगार कापला तर एकत्र बोलायला हवं, आजार पसरला तर सगळ्यांच्याच घरात शिरणार, हेही सगळ्यांना कळत होतं.

हल हाऊसमध्ये पाळणाघर आणि बालवाडी सुरू झाली. मग रात्रीचे इंग्रजीचे वर्ग, स्वयंपाकघर, आंघोळीची सोय, व्यायामशाळा. दुसऱ्या वर्षीच आठवड्याला दोन हजारांच्या आसपास माणसं यायला लागली. पुढे एका बंगल्याच्या तेरा इमारती झाल्या. १८९३ मध्ये इलिनॉयमध्ये कारखान्यांचा जो कायदा आला, ज्यात १४ वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात कामाला लावायला बंदी घातली गेली, त्यामागे हल हाऊसमध्ये राहणाऱ्या फ्लॉरेन्स केली यांची मेहनत होती.

कचऱ्याची गोष्ट मात्र खास जेन यांची. शिकागोचा १९ नंबरचा वॉर्ड म्हणजे घाणीचं आगर. रस्त्याच्या कडेला लाकडी पेट्या ठोकलेल्या, त्यात सडका कचरा आणि त्याच पेट्यांवर पोरं खेळतायत. कंत्राट स्थानिक नगरसेवकाच्या मर्जीतल्या माणसाकडे. (ओळखीचं वाटतंय ना?) जेन यांनी १८९५ मध्ये सरळ कचरा उचलायच्या कंत्राटाचं टेंडरच भरलं. तांत्रिक कारण काढून ते बाद केलं गेलं, पण बातमी एवढी गाजली की महापौरांना त्यांना वॉर्डाची कचरा निरीक्षक नेमावं लागलं. पगार वर्षाला १००० डॉलर.

मग काय, रोज सकाळी सहाला उठून बाई गाड्यांच्या मागे. गाडी भरली का, कुठे रिकामी केली, कुठला बोळ सोडला, सगळं तपासायचं. एका अरुंद गल्लीत कचरा खरवडत गेल्यावर १८ इंच खाली चक्क फरसबंदी रस्ता सापडला. तो रस्ता तिथे आहे हे राहणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. मृत्युदराच्या यादीत शहरात तिसरा असलेला हा वॉर्ड पुढे सातव्या नंबरवर उतरला.

यात एक गंमत आहे. वस्तीतल्या बायकांनाच हे काम आधी पटलं नव्हतं. बाईमाणसाने कचऱ्याच्या गाड्यांमागे फिरणं त्यांना विचित्र वाटायचं. जेन यांनी त्यांना समजावलं ते असं: घरोघरी जाऊन आजाऱ्याची सेवा करणं जर बायकांचं काम मानलं जातं, तर तोच आजार होऊ नये म्हणून त्याच गल्लीतून फिरणं बायकांचं काम का नाही? हा युक्तिवाद लक्षात ठेवा. वीस वर्षांनी त्यांनी तोच युद्धाला लावला.

पहिली मध्यस्थी फसली

१८९४ मध्ये शिकागोजवळ पुलमन कंपनीत संप झाला. रेल्वेचे आलिशान डबे बनवणाऱ्या या कंपनीने मंदीचं कारण देऊन मजुरी कापली, पण कामगार कंपनीच्याच घरांत राहत होते त्या घरांचं भाडं कमी केलं नाही. संप चिघळला, रेल्वे युनियन उतरली, गाड्या बंद पडल्या. शहरातल्या प्रतिष्ठित नागरिकांच्या संघटनेने समेटासाठी समिती नेमली, त्यात जेन होत्या.

त्या पुलमन वसाहतीत गेल्या, कामगार बायकांसोबत जेवल्या, घरं बघितली, हिशेब समजून घेतला. कामगार लवादाला तयार झाले. कंपनी तयार झाली नाही. लवादाने ठरवावं असं काही नाहीच, अशी कंपनीची भूमिका. शेवटी केंद्र सरकारने सैन्य आणलं, गोळीबार झाला, माणसं मेली.

त्याच दिवसांत जेन यांची थोरली बहीण मेरी दूरच्या हॉस्पिटलमध्ये शेवटच्या घटका मोजत होती आणि संपामुळे बहिणीचा नवरा आणि मुलं वेळेत पोहोचू शकत नव्हती. ज्यांची बाजू समजून घ्यायला जेन झटत होत्या, त्यांच्याच संपाने घरच्यांना अडवलं होतं. तरीही त्यांनी कामगारांवर राग काढला नाही. संपानंतर त्यांनी मालक पुलमनची तुलना शेक्सपियरच्या किंग लिअरशी करणारा निबंध लिहिला. मी तुमचं भलं केलं, आता तुम्ही माझं ऐका, असं म्हणणारा मालक आणि मुलींकडून कृतज्ञता मागणारा म्हातारा राजा, दोघांची चूक त्यांना एकच दिसली. हा निबंध छापायची तयारी कुणाची नव्हती. तो छापून आला १९१२ मध्ये, म्हणजे जवळपास अठरा वर्षांनी.

१९०७ मध्ये त्यांचं शांततेवरचं पुस्तक आलं. सांगणं साधं होतं. शांतता म्हणजे फक्त दोन युद्धांमधली सुट्टी नाही. हॅल्स्टेड स्ट्रीटवर वेगवेगळ्या देशांची माणसं गरजेपोटी रोज जी तडजोड करतात, तिच्यातून ती तयार होते. परराष्ट्र खात्यातल्या लोकांना हे वाचून हसू आलं असणार.

जेन यांना देवी करायची गरज नाही, हेही इथेच सांगायला हवं. १९०१ मध्ये काळ्या लोकांना जमावाने ठार मारण्याविरोधात त्यांनी लेख लिहिला, पण मारले गेलेले लोक गुन्हेगार असावेत हे गृहीत धरून. काळ्या पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी आकडेवारीसकट त्याला उत्तर दिलं. वेल्स यांचं बरोबर होतं. पुढे दोघींनी शिकागोत एकत्र कामही केलं आणि १९०९ मध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी जी राष्ट्रीय संघटना उभी राहिली तिच्या स्थापनेच्या आवाहनावर जेन यांची सही आहे.

जहाज, पाणबुड्या आणि हेग

ऑगस्ट १९१४. युद्ध पेटलं. मताधिकारासाठी लढणाऱ्या जगभरच्या महिलांची परिषद १९१५ मध्ये बर्लिनला होणार होती, ती रद्द झाली. तेव्हा अ‍ॅलेटा जेकब्स या डच डॉक्टर बाईंनी ठरवलं की मग तटस्थ असलेल्या आमच्या देशात, हेगला भेटू. अध्यक्ष म्हणून जेन अ‍ॅडम्स यांना बोलावणं गेलं. त्या जानेवारीत अमेरिकेत स्थापन झालेल्या विमेन्स पीस पार्टीच्याही त्या अध्यक्ष होत्या.

एप्रिलमध्ये चाळीसेक अमेरिकन बायका नूर्डाम नावाच्या डच जहाजातून निघाल्या. समुद्रात जर्मन पाणबुड्या. त्यात ब्रिटिशांनी जहाज डोव्हरजवळ चार दिवस अडवून ठेवलं. ब्रिटनमधल्या १८० जणींना यायचं होतं, पण सरकारने समुद्रातली वाहतूकच बंद केली. पोहोचल्या फक्त तिघी, त्याही आधीच देशाबाहेर असलेल्या. फ्रान्सच्या महिला संघटनांनी यायला नकार दिला. जर्मनीहून २८ जणी आल्या.

तरी २८ एप्रिलला हेगमध्ये बारा देशांतल्या अकराशेहून जास्त बायका जमल्या. परिषदेचा एक नियम फार हुशारीचा होता. युद्ध कुणी सुरू केलं आणि कोण कसं लढतंय, यावर चर्चा करायचीच नाही. घरगुती भांडण मिटवणाऱ्या कुठल्याही जाणत्या माणसाला हे कळतं. पहिला दगड कुणी मारला यात शिरलात की रात्र तिथेच संपते.

मग त्यांनी सुचवलं काय? विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवणाऱ्या ज्युलिया ग्रेस वेल्स यांची एक योजना होती, सतत चालणाऱ्या मध्यस्थीची. तटस्थ देशांनी जाणकारांची एक परिषद बसवायची. आधी शस्त्रसंधी करा, मग बोलू, अशी अट घालायची नाही. लढाई चालू असतानाच प्रस्ताव तयार करून सगळ्यांना एकदम पाठवायचे. उत्तरं आली की सुधारून परत पाठवायचे. एक फसला तर दुसरा. यात कुणालाच पहिल्यांदा तह मागावा लागत नाही आणि कुणीच दुबळा ठरत नाही. आज मध्यस्थ देश दोन बाजूंमध्ये निरोप नेतात-आणतात, ते याहून फार वेगळं नसतं.

हंगेरीच्या रोझिका श्विमर यांनी मागणी केली की हे ठराव नुसते टपालाने पाठवायचे नाहीत, प्रत्येक सरकारला हातात नेऊन द्यायचे. जेन यांना ही कल्पना आधी जरा नाटकी वाटली होती. पण मंजूर झाली आणि मग त्याच निघाल्या.

मे आणि जून १९१५. सोबत जेकब्स आणि हल हाऊसमधल्या जुन्या सहकारी डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन. एमिली ग्रीन बाल्च, श्विमर आणि इतर काही जणी दुसऱ्या तुकडीत, त्या स्कँडिनेव्हिया आणि रशियाकडे गेल्या. जेन यांच्या तुकडीने लंडनमध्ये पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ आणि परराष्ट्रमंत्री ग्रे यांची भेट घेतली. बर्लिनमध्ये चान्सलर बेथमान-होलवेग भेटले, त्यांचा मोठा मुलगा काही महिन्यांपूर्वीच आघाडीवर मारला गेला होता. रोममध्ये पोपही भेटले. व्हिएन्नात ऑस्ट्रियाचे पंतप्रधान ऐकून घेत गप्प बसले, तेव्हा जेन म्हणाल्या की बायकांनी असं दारोदार फिरणं तुम्हाला खुळेपणाचं वाटत असेल. त्यावर त्यांनी टेबलावर हात आपटला आणि सांगितलं की गेल्या दहा महिन्यांत या खोलीत बोलली गेलेली ही पहिली शहाणपणाची गोष्ट आहे. आजवर या दारातून जो येतो तो फक्त माणसं आणि दारूगोळा मागायला येतो.

जवळपास प्रत्येक राजधानीत सूर तोच. आम्ही स्वतःहून तह मागणार नाही, तो दुबळेपणा दिसेल, पण तटस्थ देशांनी पुढाकार घेतला तर आमची हरकत नाही. म्हणजे दार किलकिलं होतं. ते ढकलू शकणारा सर्वात मोठा तटस्थ देश होता अमेरिका. जेन परत येऊन राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना भेटल्या. विल्सन यांनी ठरावांचं कौतुक केलं, पण परिषद बोलावली नाही. लहान तटस्थ देश अमेरिकेची वाट बघत राहिले.

परिषद झाली असती तर युद्ध थांबलंच असतं, असं म्हणणं भाबडेपणाचं आहे. दोन्ही बाजूंना अजून जिंकायची आशा होती. पण प्रयत्न करून तो फसला असं झालंच नाही, प्रयत्नच झाला नाही. पुढच्या वर्षी व्हर्दँ आणि सोमच्या लढाया झाल्या.

एका भाषणाची किंमत

९ जुलै १९१५, न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल खचाखच भरलेला. जेन यांनी प्रवासात दिसलेलं सांगितलं. शेवटाकडे त्या ओघात बोलून गेल्या की संगिनी घेऊन समोरच्यावर तुटून पडायच्या हल्ल्याआधी सैनिकांना दारू किंवा तसलं काहीतरी पाजावं लागतं, असं त्यांना अनेक देशांत ऐकायला मिळालं. त्यांचा मुद्दा होता की साधी तरुण पोरं शुद्धीत असताना असं मारायला धजावत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून गहजब. आमच्या शूर जवानांना दारुडे म्हटलं, सैनिकांचा अपमान केला. युद्धवार्ताहर रिचर्ड हार्डिंग डेव्हिस यांनी न्यूयॉर्क टाइम्सला खरमरीत पत्र लिहिलं. पेपरांनी त्यांच्या लग्न न होण्यावरून टोमणे मारले. ट्रोलिंग हा शब्द तेव्हा नव्हता, एवढाच काय तो फरक. १९१२ मध्ये ज्या थिओडोर रूझवेल्ट यांच्या उमेदवारीला जेन यांनी अनुमोदन दिलं होतं, त्यांनी तर हेगला जाण्याआधीच या सगळ्या बायकांची खिल्ली उडवली होती.

मला यातलं सर्वात बोलकं वाटतं ते हे. बाईने पोरं सांभाळली, कचरा उचलायला लावला, तेव्हा सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं. तीच बाई, तेच कौशल्य घेऊन युद्धाबद्दल बोलायला गेली, तेव्हा तिला यातलं काय कळतं असं विचारलं गेलं. समेट घडवायचं काम बायकांनी करायला हरकत नव्हती, फक्त ते गल्लीतच करायचं होतं.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिकाही युद्धात उतरली. बरेच शांततावादी बाजू बदलून मोकळे झाले. जेन बदलल्या नाहीत. सरकारी गुप्तचर त्यांच्यावर नजर ठेवू लागले, भाषणांची निमंत्रणं आटली. त्या काळात त्यांनी धरलं ते अन्नाचं काम. सरकारच्या अन्न विभागासाठी देशभर फिरून धान्य वाचवण्यावर त्या बोलत राहिल्या. एमिली बाल्च यांना तर कॉलेजने प्राध्यापकाच्या नोकरीवरूनच काढलं.

मे १९१९ मध्ये विजेते पुरुष पॅरिसमध्ये तहाच्या अटी ठरवत असताना या बायका झुरिकला जमल्या. पॅरिसला जर्मन बायकांना प्रवेश नव्हता, म्हणून झुरिक. व्हर्सायच्या तहाच्या अटी जाहीर झाल्यावर त्यावर जाहीर टीका करणाऱ्या पहिल्या काही गटांमध्ये त्या होत्या. या अटींतून नवीन वैर पेरलं जाईल, हे त्यांनी लेखी ठरावात नोंदवलं. पुढे काय झालं ते आपण शाळेत शिकलोय. इथेच त्यांच्या संघटनेला नाव मिळालं, विमेन्स इंटरनॅशनल लीग फॉर पीस अँड फ्रीडम, आणि जेन तिच्या अध्यक्ष झाल्या. तिथून त्या जर्मनीत गेल्या, नाकेबंदीमुळे उपाशी असलेली मुलं बघितली आणि घरी येऊन शत्रूच्या मुलांसाठी दूध आणि धान्य मागितलं. पुन्हा शिव्या.

डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन या संघटनेने त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिलं होतं, ते काढून घेतलं. हे सदस्यत्व आयुष्यभरासाठी असतं असं वाटलं होतं, ते चांगल्या वर्तणुकीपुरतंच निघालं, असा चिमटा त्यांनी काढल्याचं सांगतात. १९२३ मध्ये जगप्रवास करत त्या भारतातही येऊन गेल्या. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते.

१९३१ चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. बर्था फॉन सुटनर यांच्यानंतर हे मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या महिला आणि पहिल्या अमेरिकन महिला. पण ते विभागून दिलं गेलं, कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्ष निकोलस मरे बटलर यांच्यासोबत. हे तेच बटलर, ज्यांच्या काळात कोलंबियाने १९१७ मध्ये युद्धाला विरोध करणाऱ्या प्राध्यापकांना काढून टाकलं होतं. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा जेन आजारी होत्या, ओस्लोच्या समारंभाला जाऊ शकल्या नाहीत. त्यांनी आपल्या वाट्याचे पैसे लीगला दिले.

२१ मे १९३५ रोजी शिकागोत त्यांचं निधन झालं. अंत्यदर्शन हल हाऊसमध्येच, हजारो शेजारी रांगेत. नोकरी गेलेल्या बाल्च यांना १९४६ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी ठराव क्रमांक १३२५ मंजूर केला. शांतता चर्चांमध्ये आणि युद्धानंतरच्या उभारणीत महिलांचा सहभाग हवा, असं परिषदेने ठरावातून पहिल्यांदाच मान्य केलं. त्यासाठी पाठपुरावा करणाऱ्या संघटनांमध्ये जेन यांची लीगही होती. त्यानंतरचा हिशेब यूएन विमेनने मांडलाय. १९९२ ते २०१९ या काळातल्या मोठ्या शांतता प्रक्रियांमध्ये वाटाघाटी करणाऱ्यांत महिला होत्या १३ टक्के. मध्यस्थांमध्ये ६ टक्के. करारावर सही करणाऱ्यांतही ६ टक्केच.